टॅबवरचं औषधांच्या आठवणीचं ॲप वाजेनासं झालंय, काय बघू?

ओंजळ | सोमवार, रात्री ९:४०

आईचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. दर वेळी दोन वेगळ्या बाटल्या आणि मध्ये दहा मिनिटांचं अंतर. तिच्या लक्षात राहत नाही म्हणून तिच्या टॅबवर आधीपासून असलेल्या औषधांच्या आठवणीच्या ॲपमध्ये थेंबांच्या वेळा लावून दिल्या. पहिले तीन आठवडे चोख वाजलं. गेले काही दिवस मात्र वाजतच नाही. आईने स्वतः ॲप उघडलं की ते आत ‘चुकलेले डोस’ अशी लांबलचक यादी दाखवतं, आणि मग त्या दिवसापुरतं पुन्हा वाजू लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गप्प.

आवाज पूर्ण आहे, डू नॉट डिस्टर्ब बंद आहे, टॅब अँड्रॉइड १४ वर आहे. तेच ॲप, त्याच वेळा लावून मी माझ्या फोनवर ठेवलंय, तिथे एकदाही चुकलेलं नाही. मी दिवसभर घरी नसते, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. आधी काय तपासावं? याच ॲपमध्ये तिच्या रक्तदाबाच्या आठ महिन्यांच्या नोंदीही आहेत.

कंदील | सोमवार, रात्री ९:५२

ॲप काढून पुन्हा टाका. माझी बरीच दुखणी त्यानेच बरी झाली आहेत.

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०:०५

क्लिअर कॅशे आणि क्लिअर डेटा दोन्ही करून टॅब रीस्टार्ट करा.

टिपकागद | सोमवार, रात्री ११:३०

ओंजळताई, वरचं काहीही करण्याआधी कृपया हे वाचा. मी ॲपच्या चाचण्या घेण्याचं काम करतो आणि ‘डेटा पुसला नि सगळं गेलं’ ही तक्रार जवळजवळ रोज वाचतो. वाईट याचं वाटतं की बहुतेकांना पुसण्याची गरजच नव्हती.

‘ॲप इन्फो’च्या पानावर चार गोष्टी जवळजवळ असतात, म्हणून त्या एकाच जातीच्या वाटतात. तशा त्या नाहीत. फोर्स स्टॉप म्हणजे चालू असलेलं ॲप तिथल्या तिथे थांबवणं. साठवलेलं काही जात नाही, पण त्याचा एक परिणाम फार लोकांना ठाऊक नसतो, तो पुढे सांगतो. क्लिअर कॅशे म्हणजे ॲपने पुन्हा मिळवता येईल असं जे तात्पुरतं बाजूला ठेवलंय ते पुसणं, चित्रांच्या छोट्या प्रती वगैरे. जागा कमी पडली की यंत्रणा स्वतःही हे पुसते, तेव्हा त्यात भिण्यासारखं काही नाही. क्लिअर स्टोरेज, म्हणजे जुन्या फोनवरचं क्लिअर डेटा, हे मात्र ॲप आज पहिल्यांदा टाकल्यासारखं कोरं करतं. लॉगइन, सेटिंग, आतल्या नोंदी, दिलेल्या परवानग्या, सगळं जातं. अनइन्स्टॉल केलं तर तेवढं जातंच आणि शिवाय ॲपही जातं. नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर खात्याला जोडून ठेवल्या असतील तरच परत दिसतात. औषधांची बरीच छोटी ॲप्स खातं मागत नाहीत, सगळं टॅबच्या पोटातच ठेवतात. तुमच्या आठ महिन्यांच्या नोंदी तशाच असतील तर आधी ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘रिपोर्ट’ असं काही आहे का बघा आणि ती फाइल स्वतःला मेल करून ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

आता न वाजण्याकडे येऊ. फोनवर वाजतं आणि टॅबवर नाही, यात नवल नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘डोझ’ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि यंत्र बराच वेळ एका जागी निपचित, असं झालं की यंत्रणा ॲप्सची कामं मागे ढकलते आणि मध्येमध्ये थोडा वेळ जागी होऊन ती एकदम उरकते. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये याचं सौम्य रूप खिशात हलणाऱ्या फोनलाही लागू झालं, पण खोल झोप लागते ती पडून असलेल्या यंत्रालाच. तुमचा फोन दिवसभर तुमच्याबरोबर फिरतो. आईचा टॅब टेबलावर पडून असतो.

दोन तपासण्या करा, दोन्ही निर्धोक आहेत. पहिली, एक दिवस टॅब चार्जरला लावून ठेवा. चार्जरवर डोझ लागत नाही. तेव्हा वेळेवर वाजलं आणि एरवी नाही, तर दोष बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमध्ये आहे. दुसरी जास्त महत्त्वाची. सकाळी ॲप गप्प असेल तेव्हा ते उघडू नका. सेटिंगमधून त्याच्या ॲप इन्फोच्या पानावर जा आणि फोर्स स्टॉपचं बटण बघा. ते फिकट झालेलं असेल, दाबताच येत नसेल, तर ॲप आधीच कुणीतरी सक्तीने थांबवलंय असं समजा. मग ते कोण थांबवतंय हे शोधायचं.

ओंजळ | मंगळवार, सकाळी ७:१५

टिपकागददादा, तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. काल दहा वाजताच मी ॲप काढून पुन्हा टाकलं होतं. रक्तदाबाच्या नोंदी गेल्या. ॲपला खातं नव्हतंच. आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी चष्मा लावून तो आकडा स्वतः भरायची.

आणि रात्रीचा गजर झाला, पण अठरा मिनिटं उशिरा.

कंदील | मंगळवार, सकाळी ७:५०

ओंजळताई, फार वाईट वाटलं. तुम्ही नोंदींचं स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते न बघता घाईने उत्तर दिलं. मनापासून माफी मागतो. त्या परत मिळवण्यासाठी काही करता येत असेल तर मला सांगा.

टिपकागद | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, स्वतःला दोष देऊ नका. फोनच्या दुखण्यावर हा सल्ला सगळीकडे पहिल्यांदा मिळतो.

आधी नोंदींचं बोलू. अँड्रॉइडमध्ये गुगल खात्यावर ॲपचा डेटा आपोआप जपण्याची सोय आहे, दर ॲपला २५ एमबीपर्यंत. ॲप बनवणाऱ्याने ती चालू ठेवली असेल आणि टॅबचा बॅकअप चालू असेल तर ॲप पुन्हा टाकताना नोंदी आपसूक येतात. त्या आल्या नाहीत, म्हणजे दोहोंपैकी एक नव्हतं. त्या वाटेवर आता फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा तुम्ही किंवा आईने डॉक्टरांना कधी रिपोर्ट पाठवला होता का ते शोधा. अशी ॲप्स पीडीएफ बनवून देतात आणि ती मेलमध्ये किंवा चॅटमध्ये पडून असते. टॅबच्या ‘फाइल्स’मध्ये डाउनलोडचा फोल्डरही बघा. ॲप काढल्याने तिथल्या फाइल्स जात नाहीत.

आता उशिराचं कारण, ते मला बऱ्यापैकी ओळखीचं वाटतंय. अँड्रॉइड १२ पासून ठरल्या मिनिटाला वाजण्यासाठी ॲपला ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही वेगळी परवानगी लागते. अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲप्सना ती आपोआप मिळत नाही, आपण द्यावी लागते. घड्याळ आणि कॅलेंडरसारख्या ॲप्सना त्यात सवलत आहे. तुम्ही काल ॲप नव्याने टाकलंत, म्हणून त्याला ती नसावी. परवानगी नसली की ॲप ‘साधारण या वेळेला’ एवढंच सांगू शकतं आणि मग डोझ त्याला मागे ढकलतो. सेटिंग, मग ॲप्स, मग ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, तिथे ही यादी असेल. काही कंपन्या नावं थोडी बदलतात. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘अलार्म’ लिहिलं तरी सापडेल.

तसंच अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायचीही परवानगी ॲप विचारून घेतं. आईने तो प्रश्न आला तेव्हा ‘नको’ म्हटलं असेल तर सगळं बरोबर असूनही आवाज येणार नाही. तीही बघून घ्या. आणि ॲपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. एरवी मी हे सरसकट सुचवत नाही, कारण दहा ॲप्सना तशी मोकळीक दिली तर बॅटरी खरंच लवकर उतरते. औषधाच्या ॲपला मात्र ती द्यायलाच हवी.

पण मूळ दुखणं, रोज सकाळी गप्प होणं, हे याहून वेगळं आहे. ते फिकट बटण तेवढं बघाच.

जुना_रेडिओ | मंगळवार, सकाळी ११:२५

ओंजळ, बाळा, तुझं वाचून माझा प्रसंग आठवला. दुहेरी पडताळणीचे सहा आकडी कोड देणारं ॲप अडखळत होतं म्हणून मी त्याचा डेटा पुसला. सगळे कोड गेले. मेलचं खातं परत हातात यायला सहा दिवस लागले आणि त्या सहा दिवसांत झोप नव्हती. गुगलच्या तशा ॲपमध्ये खात्याशी सिंक करण्याची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, माझा प्रसंग त्याच्या आधीचा. ज्यांच्याकडे असं कोणतंही ॲप आहे त्यांनी सिंक चालू आहे का ते आजच बघावं, आणि बहुतेक सेवा देतात ते बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत. मी ते वहीत लिहून कपाटात ठेवले आहेत.

साधाप्रश्न | मंगळवार, दुपारी १:००

माझ्या नोट्सच्या ॲपचंही असंच असेल का? त्यात खूप लिहिलंय.

टिपकागद | मंगळवार, दुपारी १:२०

ॲपच्या सेटिंगमध्ये सिंक किंवा बॅकअप आणि त्याखाली शेवटची तारीख दिसते का ते बघा. शिवाय दुसऱ्या यंत्रावर किंवा ब्राउझरवर त्याच खात्याने लॉगइन करा. नोट्स तिथे दिसल्या तरच त्या सुरक्षित आहेत असं मानायचं.

ओंजळ | बुधवार, सकाळी ८:३०

दादा, बटण फिकट आहे! सकाळी आठचा गजर झाला नाही. सेटिंगमध्ये गेले तर फोर्स स्टॉप दाबताच येत नव्हतं. अलार्मची परवानगी तुम्ही म्हणालात तशी बंदच होती. ती आणि बॅटरीची मोकळीक काल दुपारी दिली होती, त्यामुळे कालचे दुपारचे आणि रात्रीचे गजर बरोबर मिनिटाला वाजले. म्हणजे रात्रीतून कुणीतरी ॲप थांबवलं.

आईला विचारलं. ती म्हणाली, टॅबवर ‘तुमचा टॅब कचऱ्याने भरला आहे’ असा लाल पट्टा आला होता, त्यावर बोट लावलं तर एक ‘क्लीनर’ आलं. रोज झोपण्यापूर्वी ती त्यातलं मोठं गोल बटण दाबते. टॅब जपून वापरावा म्हणून करते बिचारी. शिवाय हल्ली मध्येच पूर्ण स्क्रीनभर जाहिराती येतात, त्याही त्याच्याच असतील का? ते क्लीनर अनइन्स्टॉल करायला गेले तर स्क्रीन आपोआप मागे जाते, बटण दाबूच देत नाही.

टिपकागद | बुधवार, सकाळी ९:००

सापडलं. छान शोधलंत, ताई.

परवा फोर्स स्टॉपचा परिणाम पुढे सांगतो म्हटलं होतं, तो हा. सक्तीने थांबवलेल्या ॲपला अँड्रॉइड ‘थांबलेलं’ अशी खूण करून ठेवतं. त्याने लावलेले सगळे गजर रद्द होतात, बाहेरून येणारे संदेश त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, टॅब बंद करून चालू केला तरी ते स्वतःहून उठत नाही. माणसाने ते उघडेपर्यंत ही खूण तशीच राहते. म्हणूनच आईने उघडलं की दिवसभर वाजायचं आणि रात्रीच्या सफाईनंतर सकाळी गप्प. साध्या ॲपला दुसऱ्याला असं थांबवता येत नाही. असली क्लीनर्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागून घेतात आणि आपल्या वतीने एकेका ॲपच्या पानावर जाऊन ते बटण दाबतात. ही परवानगी दिसण्याची किंवा हातांची अडचण असणाऱ्यांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि कुठेही दाबू शकतं. तुम्ही काढायला गेलात की स्क्रीन मागे जाते तीही याच जोरावर.

आता काढायचं कसं. टॅब सेफ मोडमध्ये सुरू करा. पॉवरचं बटण दाबून धरलं की ‘पॉवर ऑफ’ दिसतं, त्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक यंत्रं सेफ मोडबद्दल विचारतात. काहींमध्ये चालू होताना आवाज कमी करण्याचं बटण धरून ठेवावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली सगळी ॲप्स निजलेली असतात, त्यामुळे क्लीनरला अडवता येणार नाही. तिथे अनइन्स्टॉल करा. तेव्हाही बटण फिकट दिसलं तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून आधी त्याचा हक्क काढा, मग जाईल. नेहमीसारखं रीस्टार्ट केलं की टॅब पूर्ववत होईल. होम स्क्रीनवरचे विजेट कदाचित पुन्हा लावावे लागतील. आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ व ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ या दोन याद्यांत आणखी कुणी अनोळखी बसलंय का ते बघा. स्क्रीनभर येणाऱ्या जाहिरातींमागे पुष्कळदा दुसऱ्या यादीतलंच कुणीतरी असतं.

एक राहिलं. प्ले स्टोअरमध्ये आईच्या चित्रावर दाबून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा. क्लीनरने मोफत चाचणीच्या नावाखाली वर्गणी लावली असेल तर ॲप काढल्याने ती थांबत नाही, वेगळी रद्द करावी लागते. आयफोनवरही तसंच.

साधाप्रश्न | बुधवार, सकाळी १०:४०

पण मग फोन हलका कसा ठेवायचा? मी तर दर तासाला उघडी ॲप्स वर सरकवून बंद करते. नाही केलं तर मेमरी भरणार नाही का?

तिफण | बुधवार, सकाळी ११:१५

मी आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही वापरतो, अनुभवाने सांगतो. अलीकडच्या ॲप्सच्या यादीत दिसणारं प्रत्येक ॲप चालू नसतं. बहुतेक गोठलेली असतात, मेमरीत नुसती बसलेली. जागा लागली की यंत्रणा त्यातलं बिनकामाचं स्वतः काढून टाकते. रिकाम्या मेमरीचा आपल्याला काही उपयोग नसतो. उलट तुम्ही सरकवून काढलेलं ॲप पुढच्या वेळी पहिल्यापासून उभं राहतं, त्यात प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही जास्त खर्च होतात. ॲपलचं अधिकृत सांगणंही हेच आहे की ॲप प्रतिसाद देत नसेल तरच सरकवून बंद करा.

खरा हलकेपणा साठवणुकीच्या जागेत असतो. जागा अगदी काठोकाठ भरली की ॲप्सना स्वतःच्या नोंदी लिहायला जागा उरत नाही आणि ती बंद पडू लागतात. आयफोनवर ‘ऑफलोड’ आहे, २०१७ च्या आयओएस ११ पासून: ॲप जातं, त्यातले दस्तऐवज राहतात. अँड्रॉइडवर तसंच ‘अर्काइव्ह’ आलं, प्ले स्टोअरमध्ये २०२३ पासून, आणि अँड्रॉइड १५ मध्ये ते सेटिंगमध्येच आहे. कधीतरी लागणाऱ्या ॲप्ससाठी मला ही सोय फार आवडते.

साधाप्रश्न | बुधवार, सकाळी ११:२२

हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आजपासून सरकवणं बंद.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी ४:०५

मीही सरसकट डेटा पुसायला सांगितलं होतं, ते मागे घेतो. आता माझी अडचण. एक-दोन नाही, चार-पाच ॲप्स उघडताच बंद होतात. बाकीची ठीक चालतात. यात कुणाचा डेटा पुसायचा?

टिपकागद | बुधवार, संध्याकाळी ६:३०

कुणाचाच नाही. एक ॲप पडलं तर त्या ॲपकडे बघायचं, पाच एकदम पडली तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. अँड्रॉइडवर पुष्कळ ॲप्स आतली पानं दाखवायला ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ नावाचा एकच भाग वापरतात. मार्च २०२१ मध्ये त्याचं एक सदोष अपडेट आलं आणि जगभर असंख्य फोनांवर मेलपासून पुढची ॲप्स उघडताच मिटू लागली. वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट आलं तेव्हा ते थांबलं. त्या दिवशी ज्यांनी घाबरून फोन फॅक्टरी रीसेट केले त्यांचा डेटा उगाच गेला. तेव्हा प्ले स्टोअरमध्ये या दोन्हींचं अपडेट बाकी आहे का बघा, उरलेली जागा बघा आणि रीस्टार्ट करा. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का तेही बघा. घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं मुदतबाह्य ठरतात आणि इंटरनेट असूनही ॲप्स ‘नेटवर्क नाही’ म्हणून अडतात.

पाऊलवाट | बुधवार, रात्री ८:१०

वेबव्ह्यूचं अपडेट ‘पेंडिंग’ होऊन अडकलं होतं. जागा होती फक्त २०० एमबी. व्हिडिओ हलवले, अपडेट झालं, पाचही ॲप्स चालू. धन्यवाद.

ओंजळ | सोमवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, पण खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. क्लीनर सेफ मोडमध्ये गेलं. डिव्हाइस ॲडमिनमध्येही ते बसलेलं होतं, आधी तिथून काढावं लागलं. एका आठवड्याची मोफत चाचणी चालू होती, ती रद्द केली. स्क्रीनभर येणाऱ्या जाहिराती त्याच दिवशी थांबल्या. तेव्हापासून चार दिवस, रोजचे चारही गजर मिनिटाला वाजताहेत. टॅब चार्जरवर असो वा नसो.

नोंदींचं तुम्ही सुचवलंत तसं शोधलं. डाउनलोडमध्ये काही नव्हतं. पण आईने दोन वेळा डॉक्टरांना मेल केली होती, त्यात पीडीएफ होत्या. सहा महिन्यांच्या नोंदी मिळाल्या, शेवटचे दोन महिने गेले. आईला सगळं सांगितलं. तिने थोडा वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं, ‘ती पीडीएफ दर आठवड्याला मला स्वतःला पाठवता येईल का?’ कशी पाठवायची ते काल तिला दाखवलं. आज तिने ती न विचारता मलाही पाठवली.

कंदीलदादा, तुम्ही मदतीचं विचारलं होतंत. पीडीएफमधले सहा महिन्यांचे आकडे ॲपमध्ये पुन्हा भरायचे आहेत, त्याला फाइल वाचता येत नाही. हे हाताने भरण्याखेरीज दुसरा काही मार्ग आहे का?

कंदील | सोमवार, रात्री ९:३०

ताई, ॲपमध्ये ‘इम्पोर्ट’ नसेल तर हातानेच. पण ते सगळं ॲपमध्ये हवंच असं नाही. पीडीएफमधला तक्ता निवडून कॉपी करता आला तर तो स्प्रेडशीटमध्ये चिकटवा, पुढच्या नोंदी त्याखाली जोडत जा. ती शीट तुमच्या दोघींच्या खात्यावर राहील, मग टॅबला काहीही झालं तरी आकडे राहतील. पानं स्कॅन केलेली असतील आणि कॉपी होत नसतील तर तारखा आणि आकडे मला कळवा, मी टंकून देतो. नाव किंवा दुसरी कुठली माहिती त्यात ठेवू नका.

ओंजळ | सोमवार, रात्री ९:५५

कॉपी होतंय! पहिला महिना शीटमध्ये आला. आई शेजारी बसून आकडे तपासतेय.